पहिलं शाईचं पेन: भरायचं कसं, धुवायचं कसं आणि शाई कुठली घ्यायची

बऱ्याच घरांत ड्रॉवरच्या तळाशी एखादं तरी शाईचं पेन पडलेलं असतं. बक्षीस म्हणून मिळालेलं, आजोबांच्या खिशाला असायचं ते, नाहीतर हौसेनं घेतलेलं आणि दोन महिन्यांत 'चालत नाही' म्हणून बाजूला टाकलेलं. यातली बहुतेक पेनं नुसती तुंबलेली असतात. आतली शाई वाळून बसलेली असते आणि वाटीभर पाण्यात ती मोकळी होते. म्हणून कुणी पहिलं पेन घेतलं की मी शाईच्या रंगांआधी पाण्याबद्दल सांगते. पेन धुवायचा हात बसला की भरणं सोपं आहे, आणि शाई निवडताना चुकलं तरी ते निस्तरता येतं.

आधी आत काय चालतं ते पाहू. निब उलटी करून बघा. तिच्या पोटाशी प्लॅस्टिकची किंवा एबोनाइटची (म्हणजे कडक रबराची) काळी पट्टी दिसेल. तिला जीभ म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात आणि त्या खाचांतून शाई टाकीतून निबच्या टोकापर्यंत येते. जेवढी शाई खाली उतरते तेवढीच हवा त्याच वाटेनं वर टाकीत जाते. लुईस वॉटरमननं १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशा खाचा असलेल्या जिभेचं, आणि आजच्या पेनांचं तत्त्वही तेच आहे. पेनाची बहुतेक दुखणी याच ठिकाणी सुरू होतात. खाचेत कण अडकला तर शाई थांबते, टाकीतली हवा तापून फुगली तर शाई बाहेर ढकलली जाते.

नवं पेन आणलं की आधी धुवा

दुकानातून आणलेलं पेन लगेच भरायची घाई होते. थोडं थांबा. कारखान्यात निब आणि जीभ तयार होताना त्यावर तेलकटपणा राहतो आणि तेल शाईला धरून ठेवत नाही. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब घाला. निबकडचा भाग त्यात बुडवून ते पाणी चार-पाच वेळा आत ओढा आणि बाहेर सोडा. मग साध्या पाण्यानं फेस पूर्ण जाईपर्यंत तेच करा. लिक्विडचा अंश आत राहिला तर शाई पातळ वाहते आणि कागदावर फुटते, त्यामुळे ही शेवटची खळबळ नीट व्हायला हवी. निब खाली करून टिश्यूवर तासभर ठेवली की पेन भरायला तयार.

भरण्याच्या चार तऱ्हा

आपलं पेन कुठल्या जातीचं आहे हे आधी ओळखा. टाकी फिरवून उघडली की कळतं.

कार्ट्रिज सगळ्यात सोपी. शाईनं भरलेली छोटी नळी आत दाबायची, 'टक्' असं जाणवलं की बसली. मग पेन निब खाली करून पाच-दहा मिनिटं पेल्यात उभं ठेवायचं. शाई यायला वेळ लागतो म्हणून पेन झटकू नका, भिंतीवर आणि शर्टावर ठिपके उडतील. खरेदीच्या वेळी एक गोष्ट बघायलाच हवी. 'इंटरनॅशनल' मापाची छोटी कार्ट्रिज अनेक कंपन्यांच्या पेनांत चालते, पण पार्कर, लॅमी आणि पायलट यांची मापं आपापली आहेत. एकाची दुसऱ्यात बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर आतलं नळकांडं चिरतं. रिकामी कार्ट्रिज फेकू नका. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजनं तीत बाटलीतली शाई भरता येते. सुईला टोपण लावून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, मागची घुंडी फिरवून शाई ओढणारी नळी. पहिल्या पेनासाठी मी हाच सुचवते, कारण तो भरण्याच्याही कामाचा आणि धुण्याच्याही. काही पेनांबरोबर तो मिळतो, काहींचा वेगळा घ्यावा लागतो, दुकानात विचारून घ्या. भरताना मात्र बऱ्याच जणांचं एक चुकतं. ते निबचं टोक तेवढं शाईत बुडवतात आणि मग आत अर्धी हवाच येते. निब पूर्ण बुडली पाहिजे, जीभही बुडली पाहिजे, बोटांनी धरतो त्या भागाची कड शाईला जेमतेम टेकली पाहिजे. घुंडी पूर्ण खाली नेऊन हवा बाहेर काढा, बुडबुडे दिसतील. सावकाश वर ओढा. पुन्हा खाली, पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला नळी जास्त भरते, कारण तोवर जीभ ओली झालेली असते. वर आल्यावर बाटलीच्या तोंडावरच घुंडी किंचित उलट फिरवून दोन-तीन थेंब परत पडू द्या. आता निब वर करून उरलेली घुंडी फिरवा, म्हणजे जिभेतली जादा शाई आत जाईल. मऊ सुती कापडानं निब टिपा आणि धरण्याचा भागही नीट पुसा. हे थेंब सोडले नाहीत की पहिल्याच ओळीवर डाग पडतो आणि लोकांना वाटतं पेन गळकं आहे.

दाबून भरायची पेनं आपल्याकडे चिनी 'हिरो'मुळे घराघरांत माहीत आहेत. आत रबरासारखी नळी आणि तिच्यावर धातूची पट्टी असते. निब शाईत बुडवा, पट्टी दाबा, सोडा आणि तीन-चार सेकंद थांबा. लोक भराभर दाबत सुटतात, आणि नळीला फुगून शाई ओढायला सवडच मिळत नाही. दाबा, थांबा, असं पाच-सहा वेळा केलं की नळी भरते. ती नळी पेनापासून ओढून काढायची नसते.

चौथी तऱ्हा ड्रॉपरची. तीत सगळी टाकीच दौत होते. भारतीय पेनांची ही खास ओळख आहे. मुंबईच्या एअरमेलची वॅलिटी पेनं किंवा राजमहेंद्रीच्या रत्नमची एबोनाइट पेनं अशीच भरतात. या रत्नम पेनांचं कौतुक गांधीजींनी १९३५ मध्ये पत्रानं कळवलं होतं. निबकडचा भाग फिरवून काढा, टाकी उभी धरा, ड्रॉपरनं शाई घाला आणि आट्यांच्या बरीच खाली थांबा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट लावा, म्हणजे तिथून शाई झिरपणार नाही. व्हॅसलिन लावू नका, त्यानं रबरी रिंग सुजून खराब होते. कार्ट्रिजच्या प्लॅस्टिक पेनाचंही असं ड्रॉपर पेन करता येतं, पण टाकीला कुठंही भोक नसेल तरच. लॅमी सफारीच्या टाकीला खिडकी असते, त्यामुळे तिथं हे जमत नाही. धातूच्या टाकीत तर शाई ओतूच नये, आतून गंज धरतो.

ड्रॉपर पेनात शाई भरपूर मावते, आठवडाभर बघावं लागत नाही. पण टाकी एक तृतीयांशाच्या खाली गेली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबमधून अचानक थेंब गळतो. यावर उपाय एकच, टाकी रिकामी व्हायच्या आधीच भरायची. घाट चढतानाही असंच होतं. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तर तुम्ही सुमारे १,३५० मीटर वर जाता. बाहेरचा दाब कमी होतो, टाकीतली हवा पसरते. प्रवासात पेन काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामं करून, निब वर ठेवून न्या. विमानातही हाच नियम.

शाई: सुरुवात साध्या निळ्यानं

पहिल्या बाटलीसाठी माझं मत ठाम आहे. धुता येणारी साधी निळी शाई घ्या, जिला 'रॉयल ब्लू' म्हणतात. तिचं रंगद्रव्य पाण्यात सहज विरघळतं. पेन पंधरा दिवस विसरलात तरी ती मोकळी होते, कपड्यावर पडली तर थंड पाण्यानं बरीचशी निघते. कॅमलची, पार्कर क्विंकची किंवा पेलिकनची, कुठलीही घ्या. कॅमलमागे आपला जुना धागा आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या बनवून जो उद्योग सुरू केला, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. ती बाटली आजही गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि नवशिक्याला तीत काहीच कमी पडत नाही. स्वदेशी चळवळीच्या काळात बंगालमध्ये सुरू झालेली सुलेखा पुन्हा बाजारात आली आहे आणि केरळची कृष्णा शाई रंगांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीच्या वेळी जरूर वळा.

या निळ्या शाईची उणीव म्हणजे ती पाण्यानं पुसट होते आणि उन्हात फिकी पडते. रोजनिशी, वर्गातल्या नोंदी, पत्रं यांना ती चालते. चेक, करारनामा, पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवी अशी वंशावळ यांना चालत नाही. तिथं टिकाऊ शाई लागते आणि तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

एक लोहयुक्त शाई. ही लिहिताना फिकट दिसते आणि कागदावर हवा लागून हळूहळू गडद होत जाते, कारण तिच्यातलं लोह प्राणवायूशी संयोग पावून टॅनिनबरोबर काळं संयुग बनवतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे पूर्वीपासून होत आली आहे, तिचं रसायन हेच. पेलिकनची निळी-काळी शाई या जातीची आहे. ती किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे पेनात महिनोन्‌महिने पडून राहता कामा नये. रोज लिहिणाऱ्यानं वापरावी आणि दर भरणीला नाही तरी महिन्यातून एकदा पेन धुवावं.

दुसरी रंगकणांची शाई, जिच्यात अतिसूक्ष्म घन कण पाण्यात तरंगत असतात. प्लॅटिनम या जपानी कंपनीची 'कार्बन ब्लॅक' हे तिचं उत्तम उदाहरण. कागदावर वाळली की पाण्यानं हलत नाही, आणि जिभेत वाळली तर तिथूनही हलत नाही. पहिल्या सहा महिन्यांत हिच्या वाटेला जाऊ नका. चमकीच्या शाईबद्दलही तेच, तिचे कण खाचांत बसतात.

काही बाटल्या मात्र शाईच्या पेनात कधीच घालायच्या नाहीत. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई दुकानात याच फळीवर ठेवलेली असते आणि विकणाराही कधीकधी तीच काढून देतो. तिच्यात लाखेसारखे चिकट पदार्थ असतात. ते वाळले की पेनाची निब-जीभ कायमची बंद होते. स्टॅम्प पॅडची, प्रिंटरची आणि ॲक्रिलिकची शाई यांचंही तसंच. बाटलीवर 'फाउंटन पेन' असं स्पष्ट छापलेलं वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका.

दोन शाया एकत्र करायचा मोह होतो, विशेषतः निळ्यात थोडी काळी घालायचा. एकीचा स्वभाव आम्ल, दुसरीचा अल्क असेल तर पेनातच साका धरतो. रंग बदलायचा असेल तर मधे पेन धुणं चुकवू नका. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नका. बाटलीला घाणेरडा वास आला किंवा पृष्ठभागावर तंतू दिसले तर ती बुरशी आहे, बाटली टाकून द्या. बाटली अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवावी.

कागद आणि आपलं अक्षर

शाई दुकानात छान दिसते आणि घरच्या वहीत फुटते. हा दोष जितका शाईचा तितकाच कागदाचा. परदेशी पेनप्रेमी जी मतं लिहितात ती त्यांच्या जाड, गुळगुळीत कागदावरची असतात. आपली लाँगबुक वेगळी असते आणि जुलैतल्या कोकणातली लाँगबुक तर आणखी वेगळी. पावसाळी हवेत कागद ओल धरतो, त्यावर शाई रेषेच्या दोन्ही बाजूंनी केसासारखी पसरते आणि मागच्या पानावर उमटते. अशा वेळी निब बदलायच्या आधी वही बदलून पाहा. वही कपाटात बंद ठेवली, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरीही फरक पडतो.

नवी शाई किंवा नवा कागद पारखायचा असेल तर रेघोट्या मारून काही कळत नाही. शब्द लिहा. 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज', 'शृंगार', 'ब्राह्मण', 'स्त्री' असे भरगच्च शब्द रोजच्या आकारात लिहून बघा. 'ह्म'मधलं पोट उघडं राहतं का, 'क्ष'ची गाठ भरून जाते का, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला जाऊन मिळतो का, ते पाहा. रोमन अक्षरांना जी मीडियम निब शोभते ती देवनागरीत बऱ्याचदा जड होते, कारण आपण एकाच अक्षरावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं चढवतो. बारीक अक्षर असेल तर फाइन निब घ्या. जपानी फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा आणखी बारीक असते, हेही लक्षात असू द्या. आणि शिरोरेषा ओढताना हात हलका हवा. बॉलपेननं लागलेली दाबायची सवय तिथंच दिसते, आडव्या रेघेवर जोर दिला की निबचे दोन दात फाकतात. नीट चालणाऱ्या पेनाला त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब लागत नाही.

धुणं

कधी धुवायचं? शाई बदलताना तर धुवायचंच. एकच शाई चालू असेल तर दर तीन-चार भरण्यांनंतर किंवा महिना-दीड महिन्यानं. आणि पंधरा दिवसांच्या वर वापरणार नसाल तर आधीच धुवून ठेवायचं.

पाणी थंड किंवा कोमट, कढत कधीच नाही. गरम पाण्यानं प्लॅस्टिक वाकतं आणि एबोनाइटचा काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांचा थेंबही नको, पेनाचं अंगच विरघळतं. बोअरचं पाणी जड असेल तर सगळं धुणं त्या पाण्यानं झालं तरी शेवटची खळबळ गाळलेल्या किंवा आरओच्या पाण्यानं करा, म्हणजे क्षाराचा थर बसणार नाही.

दोन वाट्या घ्या. पहिल्यात पाणी ओढून बाहेर सोडा. पहिल्या काही वेळा गडद शाई निघेल, मग फिकी होत जाईल. पाणी बदला आणि निवळ येईपर्यंत चालू ठेवा. कन्व्हर्टर काढता येत असेल तर सिरिंजचं सुईविना तोंड पेनाच्या मागच्या भोकाशी टेकवून हलकेच पाणी सोडणं आणखी चांगलं, दाब देऊन नव्हे. पाणी निवळ आलं म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. निब टिश्यूवर टेकवा. आतून अजून निळा डाग पसरत असेल तर जिभेच्या खाचांत शाई आहे. मग निबकडचा भाग वाटीत पाण्यात रात्रभर ठेवा. पांढऱ्या वाटीत नीट बघितलं तर निबच्या फटीतून शाईचा दोरा सावकाश खाली उतरताना दिसतो. तो उतरायचा थांबला की समजा खाचा मोकळ्या झाल्या. एबोनाइटचं पेन मात्र इतका वेळ पाण्यात ठेवू नका, त्याचा रंग जातो. ते वारंवार पाणी बदलून धुवावं.

वाळवायला पेल्यात टिश्यू दुमडून ठेवा आणि निब खाली करून पेनाचा भाग त्यावर उभा करा. टिश्यू उरलेलं पाणी शोषून घेतो. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर नको. एक रात्र पुरते. तीच शाई भरायची असेल तर पूर्ण वाळायची वाट बघायची गरज नाही, पहिल्या चार ओळी फिक्या येतील एवढंच.

ड्रॉवरमधलं जुनं पेन सोडवायचं असेल तर चिकाटी लागते. दोन दिवस पाण्यात, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून. न जमल्यास लिक्विडचा थेंब घातलेलं कोमट पाणी. रंगकणांची शाई वाळली असेल तर नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवता येतं, पण पितळ किंवा ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नका आणि ब्लीचजवळ तो मुळीच नेऊ नका, विषारी वायू तयार होतो. निबच्या फटीत ब्लेड, टाचणी किंवा सुई घालायची नाही. एकदा दातांची जुळणी बिघडली की पाण्यानं ती परत येत नाही. निब ओढून बाहेर काढायचाही प्रयत्न सुरुवातीला करू नका.

अडलं तर

टोपण उघडून पहिलं अक्षर उमटत नाही? बहुतेक वेळा टोपण नीट बसत नसतं आणि टोक वाळतं. ओल्या टिश्यूवर निब टेकवली की सुरू होतं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागातच शाई तुटते? तिथं तळहात टेकलेला असतो आणि त्याचा तेलकटपणा कागदाला लागतो, हाताखाली कोरा कागद ठेवा. मधेच तुटते आणि टाकी भरलेली आहे? पेन एका बाजूला वळवून धरताय का ते पाहा. निबचे दोन्ही दात कागदाला सारखे टेकायला हवेत. एवढं करूनही अडलं तर पेन धुवा. धुवूनही अडलंच, तर भिंगातून टोक बघा. एक दात वर, एक खाली दिसला तर ते काम निबवाल्याचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला पेनांच्या दुकानांत चौकशी केलीत तर निब जुळवून देणारा कुणीतरी सापडण्याची शक्यता चांगली असते.

पेन बराच काळ ठेवून द्यायचं असेल तर धुवून, पूर्ण वाळवून, कन्व्हर्टर वेगळा काढून, टोपण सैल लावून ठेवा, आणि डबीत शाईचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाका. पुढे ते कुणाच्याही हाती आलं तरी आत काय होतं हे त्याला कळेल आणि कुठली शाई भरायची तेही.